मान वळव, बादली उचलू नकोस

नागपूरच्या जयप्रकाश नगरातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वय ४४, शाळा बर्डीला, म्हणजे सीताबर्डीत. आठ आठवड्यांपूर्वी मानेच्या सी-५ आणि सी-६ मणक्यांमध्ये कृत्रिम चकती बसवली. एक्स-रे चांगला आला, डॉक्टर म्हणाले, "हळूहळू सगळं सुरू करा." पण मागून कुणी हाक मारली की ही अख्खी वळते, मान तशीच ताठ. खांद्यांच्या पात्यांमध्ये दुखलं की वाटतं, चकती सरकली. आणि सासूबाई म्हणतात, "आता तर चांगली दिसतेस, कूलरमध्ये पाणी टाकून दे."

काकू म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. अगं, मणके जोडून टाकायच्या ऑपरेशनात तो सांधा कायमचा हलायचा थांबतो. तुला चकती बसवली ती सांधा हलता राहावा म्हणूनच, आणि तू घाबरून त्याला घट्ट धरून बसलीस! पात्यांमधलं दुखणं या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतं. मणक्यांमधली दबलेली जागा पुन्हा उंच झाली की मागचे सांधे नि स्नायू ताणले जातात. फिजिओथेरपिस्टसमोर मान वळवून बघ, भीती तिथेच निम्मी होईल. मात्र हातातून वस्तू निसटायला लागल्या, चालताना तोल गेला, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आला किंवा गिळणं जड होत चाललं, तर मला पत्र लिहीत बसू नकोस. त्याच दिवशी दवाखाना गाठ.

वह्या तपासताना खाली पुस्तकांचा ढीग लाव, म्हणजे तासभर मान वाकणार नाही. अ‍ॅक्टिव्हाची घाई नको. आधी उभ्या गाडीवर बसून दोन्ही खांद्यांवरून मागे बघता येतं का ते पाहा. गुंगीच्या गोळ्या बंद हव्यात नि डॉक्टरांचा होकार हवा. तोवर मेट्रो आहेच, तुझ्या स्टेशनवरून थेट बर्डी.

राहिल्या सासूबाई. तुझा टाका गळ्याच्या सुरकुतीत, दोन बोटांचा. त्यांना ऑपरेशन दिसतच नाही, तर मनात धरू नकोस. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत ने आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचार, "मी किती किलो उचलू?" कूलरची १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो, बाप्पा! तोवर नळाला पाइप जोड. पाइप आणायला नवऱ्याला धाड, त्याची मान ठणठणीत आहे ना?