तळ्याकाठची खाऊगल्ली : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फ्लोरिडातल्या खाद्य आणि वाइन महोत्सवाचा मी ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. लोणच्याला बुरशी का येते, या माझ्या हमखास विषयावरसुद्धा इतकी पत्रं कधी आली नव्हती. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.

ज्यांनी मागचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑर्लँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. तिथल्या चार मोठ्या उद्यानांपैकी एक एप्कॉट, १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलेलं. त्यात एका तळ्याकाठी अकरा देशांच्या कायमच्या इमारती आहेत, आणि महोत्सवात आणखी देशांचे स्टॉल लागतात. हा महोत्सव तिथे १९९६ पासून भरतो. मी गेले ११ ऑक्टोबर २०२२ ला, मंगळवारी. बरोबर सूनबाई आणि आमचे हे. मुलगा कामावर होता, आणि खरं सांगायचं तर त्याला रांगांचा कंटाळा. मी एका कारखान्याचं कँटीन अठ्ठावीस वर्षं चालवलं, त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी खिडकीच्या आत जाते, मग ताटावर. उत्तरं त्या नजरेनं दिलेली आहेत.

मुलगा टँपाला असतो. येत्या ऑक्टोबरात आम्हाला तिकडे नेणार म्हणतो. आम्ही दोघं शाकाहारी, अंडंही खात नाही. दिवसभर बटाट्याच्या फ्राइजवर काढावा लागेल का? – एक वाचक, सांगली

उपाशी राहणार नाही, पण डोळे झाकून खाऊही नका.

तळ्याच्या भोवतीनं देशोदेशीचे स्टॉल असतात. एकेका स्टॉलवर तीन-चार पदार्थ, आणि प्रत्येक पदार्थ एवढासा, कागदी होडीत मावेल इतका. पाटीवर हिरव्या पानाची खूण असेल तर त्यात मांस, दूध, अंडं, मध यातलं काहीही नाही. तो पदार्थ बिनघोर घ्या. फसगत होते ती या खुणेबाहेर. आपल्याला दूध-तूप चालतं, त्यामुळे ‘चीज’ हा शब्द वाचला की आपण निर्धास्त होतो.

उदाहरणार्थ, कॅनडाच्या स्टॉलवरचं चेडर चीजचं सूप. तिथे वर्षानुवर्षं येणारी माणसं आधी त्याच्याकडेच धावतात. दाट, पिवळसर, सोबत प्रेट्झेलचा मऊ पाव. वासानं माझे पाय थबकले. पण त्यात डुकराचं बेकन असतं, चिकनच्या हाडांचा काढा असतो आणि वर बिअर! बेकन निदान पाटीवरच्या नावात असतं. काढा कोण लिहितो? सूनबाई मांसाहारी, तिनं माझ्यादेखत वाटी चाटूनपुसून संपवली. माझ्या वाट्याला आला पावाचा कोरडा तुकडा.

आता ब्राझीलचे चीजचे पाव. लिंबापेक्षा थोडे मोठे, वरून सोनेरी. मोडले की आत पोकळी आणि चिकट, लवलवीत तार. साबुदाण्याच्या वड्याच्या पोटात असते तशीच. हे पीठ गव्हाचं नसतं, कसाव्याच्या कंदाचं असतं, आणि आपला साबुदाणाही त्याच कंदापासून करतात. हे ऐकल्यावर आमचे हे म्हणाले, “मग दोन दिवस थांबायला हवं होतं, संकष्टीलाच आलो असतो.” मी म्हटलं, यात अंडं घालायची रीत आहे, बाप्पाला काय सांगणार? मला अंडं चालतं, मी दोन खाल्ले. तुम्ही मात्र तो स्टॉल ओलांडून पुढे जा.

ग्रीसच्या स्टॉलवर तव्यावर परतलेलं चीज मिळालं, वर मध आणि पिस्ते. खारट, गोड आणि करकरीत. तिथेच पालक आणि फेटा चीज भरलेली पापुद्र्यांची वडी होती, चिरोट्याला सुटतात तसे पदर सुटलेली. या दोन्हींत मांस नाही. तरी एक सांगते, कारण नंतर कळलं तर तुम्ही मला शिव्या द्याल. युरोपातली काही जुनी चीज दूध नासवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरून करतात. अस्सल इटालियन पार्मेजान तर त्याशिवाय करतच नाहीत. हे तुमच्या नेमात बसतं का, ते घरूनच ठरवून निघा.

भारताच्या स्टॉलवर गरम रोटी आणि तीन वाट्या: लसणाचं लोणचं, आंब्याचा साल्सा आणि कोथिंबिरीची पेस्टो नावाची चटणी. लसूण छान मुरलेला होता. कोथिंबिरीत मिरची नव्हती, म्हणजे ती चटणी होती पण रागावलेली नव्हती. शेजारी उभा असलेला अमेरिकन तीच खाऊन डोळे पुसत होता, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची?

खिडकीवर नुसतं “आम्ही व्हेजिटेरियन” म्हणून थांबू नका. मांस नको, मासे नकोत, चिकनचा किंवा बीफचा काढा नको, अंडं नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. पदार्थात काय काय आहे, ते विचारलं तर सांगतात. मागे रांग असली तरी लाजू नका. माझ्या कँटीनच्या खिडकीवर उपासाचं तेल वेगळं आहे का, असं विचारणारी माणसं रोज यायची, आणि मला त्यांचा कधीही राग आला नाही. थोडा यायचा.

बाईमाणसानं दारूच्या जत्रेला जावं आणि वर त्याचं कौतुक छापावं, हे आपल्या मासिकाला शोभतं का? – एक ज्येष्ठ वाचक, सातारा

काका, पत्र पोचलं. नावात वाइन आहे हे खरंच आहे, आणि ती लपूनछपून विकत नाहीत हेही खरं. पण तळ्याकाठी मी जे पाहिलं त्यात बाबागाड्या जास्त होत्या.

वाइन मिळते ती प्लास्टिकच्या लहान पेल्यात, चार-पाच घोटांची. एकवीस वर्षांखालच्या कोणालाही ती देत नाहीत, हा सबंध अमेरिकेचा कायदा. सूनबाई चौतीस वर्षांची, पण वय दाखवायला लागणारा तिचा ड्रायव्हिंगचा परवाना गाडीत राहिला आणि गाडी लांब पार्किंगमध्ये. तिला लिंबू सरबतावर भागवावं लागलं. आमचे हे अडुसष्ट वर्षांचे, डोकं कापसासारखं पांढरं. त्यांच्याकडेही पासपोर्ट मागितला. ते दिवसभर त्याच आनंदात होते, आणि घेतली फक्त कॉफी.

मी घेतली. माझं माहेर निफाडचं, द्राक्षाच्या मांडवाखाली वाढले मी. आमच्याकडे थॉम्पसन, पातळ सालीची, बिनबियांची, तोंडात टाकली की संपली. वाइनचं द्राक्ष वेगळं. लहान, जाड सालीचं, बियांचं. ते खायला बसलं तर निम्मं थुंकावं लागतं. जर्मनीच्या स्टॉलवर मी रीझलिंग या पांढऱ्या वाइनचा एक पेला घेतला, थंडगार. पहिल्या घोटाला कच्च्या सफरचंदाची आंबट चव, मग मागून गोडवा, आणि शेवटी जिभेच्या कडांना पाणी सुटतं. वडिलांनी मांडवातलं द्राक्ष तोडून गोडी बघायला दिलं की, “आठ दिवस थांबा,” असं मी म्हणायचे, ती नेमकी चव. दुसरा पेला घेतला नाही. पहिल्याचं कौतुक मात्र मागे घेत नाही.

शनिवार-रविवारी सारखे टी-शर्ट घालून टोळकी येतात आणि एकेका देशात एक पेला घेत तळ्याला फेरी मारतात, ही गोष्ट खरी आहे. अकरा देश म्हणजे अकरा पेले. तुमचा राग त्यांच्यासाठी राखून ठेवा, आणि जाणाऱ्यांनी मंगळवार-बुधवार निवडावा.

खर्च किती येतो? तिकिटात खाणं धरलेलं असतं का? – पुण्याहून दोन पत्रं, एकाच आशयाची

नसतं. उद्यानाचं तिकीट वेगळं. ते तारखेप्रमाणे बदलतं आणि एका दिवसाचं माणशी १०० डॉलरच्या वर जातं. महोत्सवासाठी निराळं तिकीट नाही, पण प्रत्येक घास विकतचा. माझ्या वहीत त्या दिवशीचे पदार्थ ५ ते ९ डॉलरच्या दरम्यान आहेत. पाटीवरच्या भावावर विक्रीकर चढतो, तो बिलात दिसतो. आम्ही तिघांनी मिळून अकरा होड्या घेतल्या आणि पोट भरलं. प्रत्येक स्टॉलवर तीन-तीन घेत सुटलो असतो तर पाचव्या देशात पाकीट आणि पोट दोन्ही बसलं असतं.

रुपयात हिशोब करू नका. मी पहिल्या तीन स्टॉलपर्यंत केला. चौथ्यावर ह्यांनी वही काढून घेतली.

महोत्सवाची एक छोटी पुस्तिका फुकट मिळते. त्यात सगळे स्टॉल आणि पदार्थ छापलेले असतात. सकाळीच ती घेऊन एका बाकावर बसा आणि खुणा करा. चीजच्या ठरावीक पदार्थांपैकी पाच खाल्ले, शिक्के मिळवले की शेवटी एक भेट मिळते, असाही खेळ त्यात आहे. आमचे शिक्के तीनच झाले. दोन कमी पडले ते बेकनपायी.

माझे गुडघे दुखतात. चालणं किती आहे? आणि तिकडे वादळं येतात म्हणे. – एक वाचक, रत्नागिरी

तळ्याची फेरी साधारण दोन किलोमीटर. पण फाटकापासून तळ्यापर्यंत यायचं, परत जायचं, मधेच विसरलेल्या स्टॉलकडे मागे वळायचं, हे धरून माझ्या घड्याळानं दिवसाअखेर नऊ किलोमीटर दाखवले. चाकाची खुर्ची आणि विजेवरची गाडी फाटकाशी भाड्यानं मिळते. घ्या. मी मानापायी घेतली नाही आणि रात्री सूनबाईनं गुडघ्यांना बर्फ लावला.

खाणं बहुतेक उभ्यानंच. बसायला जागा कमी, सावली त्याहून कमी. ऑक्टोबरातही दुपारचं ऊन आपल्या कोकणासारखं घामट. खाण्याच्या दुकानांच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात. बाटली विकत घेऊ नका.

वादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे महोत्सव सबंध त्यातच येतो. आम्ही गेलो त्याच्या दोन आठवडे आधी, २८ सप्टेंबरला, इयान हे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळलं आणि ही उद्यानं दोन दिवस बंद होती. आमचं विमानाचं तिकीट त्याआधीचं असतं तर हे पत्र मी मुलाच्या दिवाणखान्यातून लिहिलं असतं. तेव्हा एकाच दिवसावर सगळा बेत टांगू नका.

आणखी एक. देशांचा भाग सकाळी अकराला उघडतो, उद्यान त्याआधी. तो वेळ ‘द लँड’ या इमारतीत घालवा. तिथे होडीत बसून हरितगृहांमधून फिरवतात. सावली, थंडावा आणि बसायला जागा, तिन्ही मिळतं. मातीविना वाढवलेल्या भाज्या, मुळं उघडी लोंबणारी, आणि टोमॅटोचं पसरलेलं एकच झाड. ती भाजी तिथल्याच स्वयंपाकघरात जाते. मी उतरल्यावर परत रांगेत जाऊन उभी राहिले. हे म्हणाले, “खायला आलोय का शेती बघायला?” शेतकऱ्याच्या मुलीला असं विचारू नये.

अकरा देशांत भारत का नाही? – इयत्ता नववीतला एक वाचक, नाशिक

छान विचारलंस. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा, असे अकरा देश तिथे कायमचे आहेत. त्यांतले नऊ सुरुवातीपासूनचे. मोरोक्को १९८४ मध्ये आला, नॉर्वे १९८८ मध्ये, आणि त्यानंतर एकाही नव्या देशाची इमारत उभी राहिलेली नाही. एवढी इमारत बांधायला पैसा देणारा कोणीतरी लागतो. मोरोक्कोच्या बाबतीत तिथल्या राजानं, दुसऱ्या हसननं, स्वतःचे कारागीर पाठवले होते. त्यांनी हातानं एकेक तुकडा कापून बसवलेली फरशी अजून तशीच आहे. भारत मी गेले तेव्हा महोत्सवापुरता होता, एका टपरीएवढा, त्या तीन चटण्यांसकट.

घरचं खाणं आत नेऊ देतात का? – एक वाचक, चिंचवड

देतात. काचेची बाटली नको, दारू नको, सुटा बर्फ नको. फाटकावर पिशवी तपासतात. माझ्या डब्यात दशम्या आणि लसणाची सुकी चटणी होती. तपासणाऱ्या मुलीनं झाकण उघडलं, चटणीच्या वासानं एक पाऊल मागे सरली आणि हसून म्हणाली, “हॅव अ मॅजिकल डे.” दुपारी तीन वाजता, मोरोक्कोच्या त्या फरशीसमोर बाकावर बसून आम्ही तिघांनी दशम्या खाल्ल्या. ग्रीसचं उरलेलं चीज दशमीत गुंडाळून बघा. चटणी थोडी जास्त घाला.