डेथ मेटलमध्ये व्हायोलिनं कुठे बसवायची?

प्रश्न : ताई, आम्ही खानापूर भागातले चौघे मित्र डेथ मेटल, म्हणजे भरधाव ड्रम्स आणि गुरगुरत्या गायकीचं जड रॉक, वाजवतो. गिटारची खालची तार 'बी' या स्वरापर्यंत उतरवलेली असते. ड्रमर गोकाकचा आहे, मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रम्सचा अखंड भरधाव मारा, करतो. 'सेप्टिकफ्लेश' हा बँड ऐकल्यापासून आम्हालाही ऑर्केस्ट्रा घ्यायचाय. कॉम्प्युटरवर व्हायोलिनं, ब्रास (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं), कोरस सगळं लावून बघितलं, पण गिटार सुरू झाली की नुसता चिखल होतो. ऑर्केस्ट्रा वाढवला तर गिटार मरते. सोबत रेकॉर्डिंग पाठवतोय. आणि ऑर्केस्ट्राऐवजी सनई-हलगी घेतली तर जमेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : रेकॉर्डिंग ऐकलं. हात तयार आहेत तुमचे, ड्रम्स तर फारच नेटके. बिघडलंय ते मिक्सिंगमध्ये नाही, रचनेत बिघडलंय. तुम्ही गाणं गिटारवर पूर्ण बांधून टाकलंत आणि मग त्यावर व्हायोलिनं आणून ठेवलीत. त्यांना बसायला जागाच उरली नव्हती.

डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज खरखरीत केलेली गिटार एकटा स्वर देत नाही, त्याच्या वरचे सगळे उपस्वर फुगवून देते. त्यातून तुम्ही डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन गिटारी रेकॉर्ड केल्यात. साधारण १०० हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा तिथेच भरला. व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांचा प्राण नेमका त्याच पट्ट्यात असतो. मग आवाजाचा फेडर कितीही वर न्या, दोघं एकमेकांना झाकणारच.

'सेप्टिकफ्लेश' पुन्हा ऐका, पण या वेळी फक्त गिटारकडे कान द्या. अथेन्सचा हा बँड. त्यांचा क्रिस्टोस अँटोनिओ गिटारही वाजवतो आणि लंडनमध्ये रीतसर संगीतरचना शिकलाय. ऑर्केस्ट्राचं लेखन तोच करतो, आणि २००८ च्या 'कम्युनियन' अल्बमपासून ते प्राग शहरातल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलंय. ब्रास बोलायला लागला की गिटार खालच्या तारेवर एकाच स्वराचा ठेका धरून राहते. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, गुंतागुंतीची झाली की तारवाद्यं लांब स्वर धरतात किंवा गप्प बसतात. इटलीतल्या पेरुजियाच्या 'फ्लेशगॉड अपोकॅलिप्स'चा २०११ चा अल्बम 'अ‍ॅगनी' त्याच्या शेजारी लावून बघा. तिथे ऑर्केस्ट्रा एवढा पुढे आलाय की माझ्या कानाला रिफ हाती लागत नाही. त्यांची लेखणी जबरदस्त आहे, तरी मला पहिला मार्ग पटतो.

आता लय. २४० ला एका सेकंदात चार मात्रा, म्हणजे मात्रेला चार आघात अशा सोळांशाच्या हिशेबाने सोळा आघात. एक आघात सुमारे ६२ मिलिसेकंदांचा. तुम्ही व्हायोलिनांना हॉलची दोन सेकंदांची घुमणूक दिली आहे, म्हणजे एक स्वर विरेपर्यंत बत्तीस आघात होऊन जातात. तो चिखल बराचसा यातूनच येतो. ब्लास्ट बीटवर तारवाद्यांना धावायला लावू नका. त्यांना चार-चार मात्रांचे लांब स्वर द्या आणि घुमणूक निम्म्यावर आणा. छोटे, तुटक स्वर हवेच असतील तर लय अर्धी होते त्या भागासाठी राखून ठेवा. आणखी एक गोष्ट : सॅम्पलमधला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या तयार ध्वनीतला, व्हायोलिनचा स्वर उमलायला वेळ घेतो, म्हणून तो ड्रमच्या मागे पडल्यासारखा वाटतो. तो ट्रॅक थोडा पुढे सरकवा, कानाने जुळवा.

तळाला तर तुमच्याकडे गर्दीच आहे. गिटारचा बी ६२ हर्ट्झवर, बेस गिटार त्याच्याही खाली, शिवाय डबल किक. त्यात ऑर्केस्ट्रातलं सगळ्यात खालचं तारवाद्य, काँट्राबेस, कशाला? काढून टाका. चेलो आणि ट्रॉम्बोन एक सप्तक वर घ्या. कोरसला शब्द देऊ नका, नुसता आकार-ओकार पुरे, कारण मधल्या पट्टीत तुमच्या गायकाची गुरगुर आधीच आहे.

खरा वाद्यवृंद परवडायचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण एक खरं व्हायोलिन घ्या, एवढं मी आग्रहाने सांगेन. सॅम्पलच्या थरावर एकच जिवंत गज फिरला की अख्खा थर श्वास घेतो. बेळगावच्या टिळकवाडीत माझ्या खोलीत एका विद्यार्थिनीकडून अशीच ओळ वाजवून घेतली होती. माइक तिथेच ठेवला आणि रेकॉर्डिंगच्या प्रत्येक टेकला तिची खुर्ची हातभर सरकवली, कधी भिंतीकडे, कधी खिडकीकडे. एकावर एक थर चढले आणि एका मुलीचा छोटा ताफा झाला. अडचण आली ती वेगळीच. आपल्याकडे व्हायोलिन सा-प-सा-प लावतात, पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे लागोपाठ पंचमांनी नाही, त्यामुळे लिहून दिलेली बोटं पडत नाहीत. शिवाय शिकलेला हात मींडेकडे ओढ घेतो. एका व्हायोलिनची मींड सुंदर लागते, पण पाच थरांत पाच वेगळ्या मींडा आल्या की स्वर फाटतो. वादकाला आधीच सांगा : सरळ स्वर, मींड शेवटच्या ओळीतच.

सनई-हलगी? जरूर घ्या, पण ऑर्केस्ट्राची बदली म्हणून नको. बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोरही हलगी ऐकू येते, कारण तिचा आघात अतिशय टोकदार असतो. पण तुमच्या स्नेअर ड्रमचा तडाखाही त्याच जागी पडतो. दोन्ही एकत्र वाजले तर दोन्ही बोथट होतील. ड्रम्स थांबतात तिथे हलगी आणि तिच्या साथीची घुमकं, कैताळ ही वाद्यं एकटी सोडा, पूर्ण आठ आवर्तनं सोडा, मग ब्लास्ट आणा. गोकाकच्या मित्राला करडी मजल, म्हणजे उत्तर कर्नाटकातला लोकवाद्यांचा ताफा, माहीत असेलच. त्यातले ठेके तो ड्रम्सवर उतरवू शकला तर हा सांधा फार छान जुळेल.

सनई मात्र गिटारच्या पट्टीत येणार नाही. तिचा षड्ज वाद्याच्या लांबीने आणि पत्तीने ठरलेला असतो. वादकाला आधी बोलवा, त्याचा षड्ज ट्यूनरवर बघा, आणि गिटारच्या तारा त्याप्रमाणे लावा. बीच्या थोडं वर किंवा खाली जावं लागेल, तारांची जाडी त्या हिशेबाने घ्या.