समोरासमोरच्या दोन राजधान्या

प्रश्न : काँगो नदीच्या दोन काठांवर काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची किन्शासा आणि काँगो प्रजासत्ताकाची ब्राझाव्हिल या दोन वेगळ्या देशांच्या राजधान्या अगदी समोरासमोर दिसतात. समुद्रापासून इतक्या आत आणि एकमेकींच्या इतक्या जवळ त्या कशा वसल्या? किन्शासाची थोडी ओळखही करून द्यावी.

उत्तर : याचे कारण राजकारणाच्या आधी नदीच्या पात्रात शोधावे लागते. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या किसांगानी शहरापासून किन्शासापर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर काँगो नदीतून बोटी चालतात. किन्शासापाशी ती मालेबो नावाच्या सरोवरासारख्या विस्तीर्ण पात्रात पसरते, पण तेथून बाहेर पडताच तिचे रूप पालटते आणि पुढे मातादी बंदरापर्यंत खडकांतून कोसळणाऱ्या धबधब्यांची रांगच लागते. म्हणजे खोऱ्यातला माल जेथे बोटीतून उतरवावाच लागतो, ती जागा मालेबोचा काठ. युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे हस्तिदंताचा व्यापार चालत असे. म्हणूनच १८८० मध्ये फ्रान्सच्या सेवेतील प्रवासी-संशोधक ब्राझा यांनी स्थानिक तेके लोकांच्या राजाशी करार करून उत्तरेचा काठ, म्हणजे आजच्या ब्राझाव्हिलची जागा, फ्रान्ससाठी मिळवला आणि पुढच्याच वर्षी प्रवासी-संशोधक स्टॅन्ली यांनी बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्यासाठी दक्षिण काठावर ठाणे उभारले. तेच लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचे किन्शासा.

धबधब्यांचा हा टप्पा ओलांडण्याची किंमत स्थानिक माणसांनी मोजली, हे शहराची ओळख करून देताना वगळता येणार नाही. येणारा-जाणारा सारा माल, इतकेच नव्हे तर सुटे भाग केलेल्या आगबोटीसुद्धा, हमालांनी डोक्याखांद्यावरून डोंगरवाटेने वाहून नेल्या. १८९० ते १८९८ या काळात मातादीपासून लोहमार्ग बांधला गेला, तेव्हाही हजाराहून अधिक मजूर मृत्युमुखी पडले. समुद्राशी जोडले गेल्यावर मात्र शहर झपाट्याने वाढले.

१९६० मध्ये दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि १९६६ मध्ये, किन्शासाच्या देशाचे हुकूमशहा मोबुतू यांच्या राजवटीत, काठावरच्या एका जुन्या गावावरून शहराला किन्शासा हे नाव मिळाले. आज तेथील लोकसंख्या एक कोटीहून बरीच अधिक आहे. राजभाषा फ्रेंच असली तरी रस्त्यावर आणि गाण्यांत ऐकू येते ती लिंगाला. दोन्ही काठांवर वाढलेल्या काँगोली रुंबा या संगीत-नृत्यप्रकाराला युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेही दोन्ही देशांच्या नावे एकत्र.

या दोन शहरांना जोडणारा पूल अद्याप नाही. प्रवाहाबरोबर जलपर्णीची हिरवी बेटे तरंगत जात असतात आणि त्यांच्यातून वाट काढत वेगवान बोट काही मिनिटांत पैलतीर गाठते, अर्थात पारपत्राची तपासणी पार पाडूनच. किन्शासाच्या धक्क्यावर हाताने चालवायच्या तीनचाकी गाड्यांवर मालाची पोती रचून निघालेले अपंग व्यापारी पूर्वापार दिसत आले आहेत. अपंगांना मिळणाऱ्या सवलतींच्या आधारे त्यांनी या दोन राजधान्यांमधल्या व्यापारात स्वतःची जागा निर्माण केली आणि त्यावर कितीतरी कुटुंबे उभी राहिली.