वाचकांचे प्रश्न : जुनं घर, नवा टॅंक आणि परवानगी

प्रश्न : ताई, आमचं जुनं घर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, मागची पडवी पाडून तिथे खोली आणि नवीन सेप्टिक टॅंक करायचाय, गवंडी म्हणतो आपल्याच जागेत कशाला कागद, खरंय का?

उत्तर : गवंड्याचं ऐकू नका हो, नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येते, त्याच्या नाही! रंग, गिलावा, फरशी, आतली किरकोळ दुरुस्ती याला परवानगी लागत नाही, पण खोली वाढवली की लागतेच. आणि पाडकामाचं म्हणाल तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं, एमआरटीपी कायदा १९६६ (महाराष्ट्राचा नगररचनेचा कायदा) मध्ये इमारतीचा भाग पाडणं हेही 'विकास' यातच धरलंय आणि विकासाला परवानगी लागते, म्हणजे पाडणं आणि बांधणं दोन्ही एकाच अर्जात दाखवून टाका. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल तर २०२० च्या यूडीसीपीआर नियमावलीत (राज्याच्या बांधकाम नियमांत) परवानगीची सोपी पद्धत आहे, लायसन्सवाल्या इंजिनिअरकडूनच करून घ्या.

आता टॅंक. तो नकाशावर हवाच, पण खरी गोची शोषखड्ड्याची, म्हणजे टॅंकमधून बाहेर येणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याची असते, पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा, शेजाऱ्याची विहीर असली तरी, आणि घरापासून ६ मीटर. छोट्या प्लॉटवर एवढं अंतर निघतच नाही, तेव्हा खड्डा खणायच्या आधी टेप घेऊन मोजा. जुना टॅंक बुजवण्याआधी मैला उपसणारी गाडी बोलवून उपसून घ्या, माणूस आत उतरवू नका, २०१३ पासून तो गुन्हा आहे.