‘बघू’ म्हणजे हो की नाही?

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान १९व्या वर्षी झालं. क्लासमधली एक मुलगी आवडते. भेटायचं का, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, ‘बघू, सध्या गडबड आहे.’ ती नाही म्हणालेली नाही, म्हणून रोज दहा-बारा मेसेज करतो. हल्ली ती उत्तरच देत नाही. काय करू?

उत्तर : थांबा. तुम्ही ‘बघू’चा शब्दशः अर्थ घेतलात, यात लबाडी नाही. पण तोंडावर नकार देणं जड जातं तेव्हा बरेच जण असंच बोलतात. ओळखायची खूण सोपी आहे : जिला खरंच यायचं असतं ती स्वतःहून दुसरा दिवस सुचवते. दोनदा विचारूनही दिवस ठरला नाही, तर ते नाहीच धरा. हेतू कितीही चांगला असला तरी इतके मेसेज समोरच्याला पाठलाग वाटतात. तक्रारही होऊ शकते. माफीचा लांबलचक मेसेज नको, मैत्रिणीकरवी निरोप तर नकोच.

पुढे कुणाला विचाराल तेव्हा दिवस, जागा आणि किती वेळ हे सगळं एकदमच सांगा : ‘रविवारी पाच वाजता बागेत तासभर भेटायचं का? नाही म्हणालीस तरी चालेल.’ उत्तर येईपर्यंत दुसरा मेसेज नाही. जागा शांत आणि ओळखीची निवडा. गोंगाटात तुमचं निम्मं लक्ष आवाज सोसण्यात जातं आणि समोरच्याला वाटतं, हा कंटाळला. आवडत्या विषयावर दोन-तीन मिनिटं बोललात की तिला प्रश्न विचारा. हात धरण्याआधीही विचारा. गप्प राहणं किंवा नुसतं हसणं म्हणजे होकार नव्हे. ऑटिझम आहे हे पहिल्याच भेटीत सांगायची सक्ती नाही. ‘मी डोळ्यांत बघत नसलो तरी ऐकत असतो,’ एवढं सांगितलंत तरी बरेच गैरसमज टळतात.

प्रश्न : माझा जोडीदार ऑटिस्टिक आहे. भांडण झालं की तासन्‌तास बोलत नाही. हातावरून हात फिरवला तर झटकतो. त्याचं माझ्यावर प्रेम नाही का?

उत्तर : या दोन गोष्टींवरून तसं ठरवू नका. हलका, फिरता स्पर्श अनेक ऑटिस्टिक लोकांना अक्षरशः टोचतो. तोच हात घट्ट धरला किंवा दाबून मिठी मारली तर चालते. काय चालतं ते त्याला विचारा, पण भांडणात नाही, एरवी.

अबोला हा रुसवाच असेल असं नाही. ताण हाताबाहेर गेला की बोलणंच बंद पडतं. त्या वेळी ‘बोल ना, काय झालं?’ असं विचारत राहिलात तर तो आणखी मिटतो. शांत असताना एक खूण ठरवा, कार्ड किंवा एखादा शब्द, आणि परत बोलायची वेळही ठरवा. वेळ ठरलेली नसली की वाट बघणाऱ्याचे हाल होतात. तुमचे होतायत तसेच. ‘कसं वाटतंय?’ याला उत्तर येत नसेल तर ‘छातीत धडधडतंय? एकटं राहायचंय?’ असे हो-नाहीचे प्रश्न नंतर विचारा, लिहून विचारलेत तर आणखी बरं. स्वतःची भावना ओळखून तिला नाव देणं अनेक ऑटिस्टिक लोकांना अवघड जातं.

आणि सगळं त्यानेच शिकायचं, असं नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं : न समजणं दोन्हीकडून असतं. तुम्ही उसासा टाकता तेव्हा नेमकं काय हवं असतं, ते त्याला एका वाक्यात सांगून बघा.