चावा झालाय आणि पौर्णिमा यायची आहे

बाळ,

तुझा मेसेज बघितला. काका, वेअरवुल्फचे, म्हणजे चावा बसून पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाचे, चांगले पिक्चर सांगा, बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलात शॉर्ट फिल्म करायची आहे म्हणून लिहिलायस, वाचून लई बरं वाटलं. पण तू मोबाईलवर नुसते माणसाचा लांडगा होतानाचे सीन बघूलास ते काय मला पटलं नाही. हाडं कडाकडा मोडली, नखं फुटली, केस आले, दोन मिनिटांत क्लिप संपली की पुढची. असं बघून तुझ्या हाताला काहीच लागणार नाही.

आधी एक सांगतो. मी सातवीत असताना जांबोटीकडं आमच्या गावात शेजारच्या पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं. तेव्हा पोटात, बेंबीभोवती 14 इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक, एसटीनं खानापूरला न्यायचे. इंजेक्शनं संपली तरी त्याची आई रोज सकाळी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि समोर बसून बघायची, पितोय का नाही, कारण पिसाळलेला माणूस पाण्याला भितो हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दोन-अडीच महिने हे चाललं. पोरगा वाचला, आज आजोबा झालाय, पण तांब्याकडं बघणारं त्या बाईचं तोंड माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. वेअरवुल्फचा पिक्चर म्हणजे माझ्या लेखी तेच. चावा झालाय, पौर्णिमा यायची आहे, आणि घरातलं कोणीतरी टक लावून बसलंय.

म्हणून सुरुवात 1941 च्या 'द वुल्फ मॅन'पासून कर. सव्वा तास पण नाही. हिरो लॉन चेनी ज्युनिअरचा मेकअप जॅक पियर्सनं याकचे केस चिकटवून केलेला, आणि गंमत बघ, पहिल्यांदा तो बदलतो तेव्हा कॅमेरा फक्त पायांवर आहे. पुढं ज्याचा बळी जाणार त्याच्या तळहातावर त्याला चांदणी दिसते. लिहिणारा कर्ट सिओडमाक ज्यू, जर्मनी सोडून निघून आलेला माणूस, आणि हिटलरच्या राजवटीत ज्यूंना कपड्यावर चांदणी लावावी लागायची, हे डोक्यात ठेवून ती चांदणी बघ, अंगावर काटा येतो. भला माणूसही लांडगा होऊ शकतो असं सांगणाऱ्या यातल्या त्या प्रसिद्ध चार ओळींत शरदातला चंद्र आहे, पौर्णिमा नाही, पौर्णिमा त्या ओळींत 1943 च्या पुढच्या भागात आली. शेवट सांगत नाही, फक्त चांदीच्या मुठीची काठी कुणाच्या हातात येते तेवढं बघ.

मग 1981 चा 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'. हा मी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका कॅसेट लायब्ररीच्या मागच्या खोलीत बघितला, टेप इतकी घासलेली की माळावरचं धुकं कुठलं आणि टेपचे मुंगळे कुठले कळत नव्हतं, आणि रात्री परत जाताना आमच्या जांबोटी रोडला पण जुलैचं तसंच धुकं, सायकल हातात धरून चालत गेलो. त्यातला बदलण्याचा सीन लाईट लावलेल्या बैठकीच्या खोलीत आहे, अंधाराचा आडोसाच नाही, आणि मागं संथ प्रेमगीत लागलंय. सगळं रबर, केस आणि हातचलाखी, कॉम्प्युटर काही नाही. स्पर्धेतलं पहिलं मेकअपचं ऑस्कर रिक बेकरला यासाठीच मिळालं. पण बाळ, त्या सीनच्या अगोदरचा भाग तू पळवत असशील. पोरगा एकटा घरात आहे, फ्रिज उघडतो, झाकतो, पुस्तक धरतो, टाकतो, इकडून तिकडं फिरतो. काही होत नाही. भीती तिथं आहे. तेवढाच भाग तीनदा बघ. त्याच वर्षीचा 'द हाऊलिंग' पण बघ, त्यातला मेकअप करणारा रॉब बॉटिन बेकरच्याच हाताखाली तयार झालेला.

'जिंजर स्नॅप्स', 2000, कॅनडाचा. दोघी बहिणी, थोरलीला चावा बसतो तो तिची पाळी पहिल्यांदा येते त्याच रात्री, आणि धाकटी शेवटपर्यंत तिच्यासाठी औषध शोधत राहते. मला विचारशील तर सगळ्यांत वरचा हाच, कारण गोष्ट सगळी धाकटीच्या डोळ्यांतून चाललीय, त्या तांब्यावाल्या बाईसारखी. 'डॉग सोल्जर्स' दोस्तांबरोबर बघ, मजा येईल, सोल्जर घरात कोंडलेत आणि बाहेर लांडगे, बास. आपल्याकडचा 'जुनून' वाघाचा आहे आणि 'भेडिया' अरुणाचलातला, दोन्ही सवडीनं बघ.

आता तुझी फिल्म. खानापूरच्या दाट रानात लांडगा कशाला घालतोस? तिथं माणसं गव्याला आणि अस्वलाला भितात. लांडगा उघड्या माळावरचा, तो शोभेल गोकाक-अथणीच्या कोरड्या अंगाला, जिथं धनगर शेतात मेंढरं बसवतात आणि कन्नडमध्ये त्याला तोळ म्हणतात. तो बिचारा माणसाला टाळतोच, नजर त्याची मेंढरावर. आणि मेकअपला तुझ्याकडं पैसे नाहीत हे मला माहीत आहे, तर लांडगा दाखवूच नको. एक घर, एक चावलेला पोरगा, एक आई, कॅलेंडरवरची पौर्णिमा. पायांवर कॅमेरा ठेवून भागतं हे 1941 ला कळलं होतं.

रविवारी स्टुडिओत ये, हार्डडिस्क घेऊन ये, हे सगळे पिक्चर देतो. आणि यायच्या आधी तुझ्या आईला विचार, तुला ताप आला की ती सगळ्यात पहिलं काय बघते. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आण.

तुझा काका