नागिणीनंतरची आग : गोळी, पट्टी की इंजेक्शन?

प्रश्न : गणपतीत सासूबाईंच्या (वय ६८) बरगडीवर नागीण उठली. फोड कधीच सुकले, पण चार महिने झाले तरी आग थांबत नाही. कपडा लागला तरी कळ येते. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा चालू आहे, त्यानं गुंगी येते. इंजेक्शननं लवकर गुण येईल का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : डायक्लोफेनॅकसारखी इंजेक्शनं सुजेच्या दुखण्यावर चालतात. इथं सूज उरलेली नाही, दुखावलेली नसच चुकीचे संदेश पाठवतेय. त्यामुळं सुजेचं औषध टोचलं काय नि गिळलं काय, गुण येत नाही. बी-१२चं इंजेक्शनही रक्तात ते कमी असेल तरच घ्यावं.

गॅबापेंटिन आतड्यातून शोषलं जायला मर्यादा आहे. दिवसाचे ९०० मिलिग्रॅम तीन वेळांत विभागले तर सुमारे ६० टक्के रक्तात पोचतं, २४०० घेतले तर जेमतेम ३४ टक्के. म्हणून चुकलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर घेऊ नका. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध घेत असतील तर त्यानंतर दोन तासांनी गोळी द्या. औषध मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, तेव्हा या वयात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. एकदम बंद मात्र करू नका.

दुखणं असं एका पट्ट्यापुरतं असेल, तर जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या ५ टक्क्यांच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. तिच्यातलं सुमारे ३ टक्केच औषध रक्तात जातं, त्यामुळं गुंगी सहसा येत नाही. त्वचा पूर्ण भरलेली आणि कोरडी हवी. मागचा कागद काढण्याआधी कात्रीनं हवी तेवढी कापा, सगळ्यांत दुखऱ्या जागी लावा, १२ तासांनी काढा आणि पुढचे १२ तास जागा मोकळी ठेवा. एका वेळी तीनपेक्षा जास्त नकोत. वरून गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध जास्त शोषलं जातं. ते धोक्याचं आहे. दोन ते चार आठवडे वापरल्याशिवाय उपयोग नाही असं ठरवू नका. हृदयाच्या ठोक्यांचं औषध चालू असेल तर आधी सांगा.

मिरचीतल्या कॅप्सेसिनचं ०.०७५ टक्क्यांचं मलमही मिळतं. ते दिवसातून तीन-चारदा, हातमोजे घालून लावायचं. सुरुवातीला आग वाढते आणि बरेच जण तिथंच सोडतात. पण मधेमधे लावलं तर ती आग तशीच राहते. ८ टक्क्यांची पट्टी फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ६० मिनिटं लावतात. घरात संकेश्वरी मिरची आहे म्हणून तिचा लेप लावू नका, कातडी भाजेल.

एवढ्यानं भागलं नाही, तर वेदना-उपचारतज्ज्ञ बरगडीखालच्या नसेभोवती भुलीचं इंजेक्शन देऊ शकतात. इंजेक्शनचा विचार करायचाच तर तो हा, दंडातल्या किंवा कमरेतल्या सुईचा नव्हे.